कोसंबीचं भांडण: अधिकार असूनही निकाल न लादणारा नेता

बौद्ध विचारातलं नेतृत्व म्हटलं की बहुतेक लेखांत दहा राजधर्मांची यादी येते: दान, शील, परित्याग, अक्रोध वगैरे. यादी चांगलीच आहे, पण यादीत कुणी कुणाशी भांडत नाही. म्हणून इथे एकच प्रकरण घेतलं आहे, आणि तेही खुद्द भगवान बुद्धांच्या संघातलं, त्यांच्या हयातीतलं. यात अनुयायांनी नेत्याचा सल्ला तोंडावर धुडकावला आणि नेता विहार सोडून निघून गेला. विनयपिटक म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमांचा ग्रंथ. त्यातल्या महावग्ग या भागाचा दहावा खंधक, म्हणजे प्रकरण, ही या प्रकरणाची जवळजवळ फाइलच आहे: कोण काय म्हणालं, कोणती कारवाई झाली, ती नियमात बसत होती की नाही, सगळं क्रमाने.

स्थळ कोसंबी. यमुनेकाठची, वत्स देशाची राजधानी, राजा उदेन. आजच्या कौशांबी जिल्ह्यात, कोसम गावाजवळ तिचे अवशेष आहेत आणि अलाहाबाद विद्यापीठाच्या उत्खननात घोषिताराम विहाराची जागाही सापडली आहे. घोषित श्रेष्ठीने दिलेला हा विहार. शहर व्यापाराचं, खातंपितं. भिक्खूंना भिक्षेची ददात नव्हती, आणि या गोष्टीचा पुढे फार मोठा संबंध येतो.

वाद कशावरून

गंमत अशी की मूळ विनयात अपराध कोणता होता हे सांगितलेलंच नाही. एका भिक्खूकडून एक आपत्ती, म्हणजे नियमभंग, घडली एवढंच आहे. पुढचं वाक्य मात्र नीट वाचण्यासारखं आहे. आधी त्या भिक्खूला वाटत होतं की आपलं चुकलं आणि इतरांना वाटत होतं की काही चुकलं नाही. काही काळाने त्याला वाटू लागलं की चुकलं नाही आणि इतरांना वाटू लागलं की चुकलं. दोन्ही पक्षांनी आपापली मतं अदलाबदल करून घेतली आणि मग त्यांवर ठाम झाले!

तपशील भरला तो धम्मपदाच्या अट्ठकथेने, म्हणजे टीकाग्रंथाने, शेकडो वर्षांनी. तिच्यानुसार विहारात दोन आचार्य होते, एक विनयधर, म्हणजे नियमांचे जाणकार, आणि दुसरे धम्मकथिक, म्हणजे धम्माचे प्रवचनकार, प्रत्येकाचे पाचशे शिष्य. धम्मकथिकांनी शौचालयातल्या भांड्यात वापरून उरलेलं पाणी तसंच ठेवलं. विनयधर आत गेले, त्यांनी ते पाहिलं आणि बाहेर येऊन विचारलं. धम्मकथिक म्हणाले, यात आपत्ती आहे हे मला माहीत नव्हतं. असेल तर मी कबुली देतो. विनयधर म्हणाले, नकळत झालं असेल तर आपत्ती नाही. विषय तिथे संपला होता. पण विनयधर आपल्या शिष्यांपाशी बोलून गेले की यांना आपली चूक झालेलीही कळत नाही. शिष्यांनी ते समोरच्या शिष्यांना ऐकवलं. धम्मकथिकांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, आधी 'आपत्ती नाही' म्हणतो आणि आता 'आहे' म्हणतो, म्हणजे हा खोटं बोलतो.

ज्याने संस्थेत काम केलं आहे त्याला हे ओळखीचं वाटेल. समोरासमोर मिटलेली गोष्ट पाठीमागे पुन्हा उकरली गेली, आणि पाण्याचा प्रश्न 'खोटारडा कोण' या प्रश्नात बदलला.

पुढे विनयधरांच्या बाजूने पुरेशी सहमती जमवून त्या भिक्खूवर उक्खेपनीय कर्म केलं, म्हणजे संघाची रीतसर कारवाई करून त्याला निलंबित केलं. कारण: 'आपत्ती मान्य करत नाही.' हे साधं प्रकरण नव्हतं. निलंबित भिक्खूला संघाबरोबर उपोसथाला, म्हणजे पंधरवड्याच्या नियमपठणाच्या बैठकीला, बसता येत नाही, संघाच्या व्यवहारात वाटा राहत नाही. विनय सांगतो की हा भिक्खू बहुश्रुत होता, धम्म आणि विनय जाणणारा, शहाणा, मनाची लाज बाळगणारा. म्हणजे दोषी माणूस विरुद्ध सज्जन संघ अशी मांडणी इथे नाहीच. त्याने आपल्या मित्रांना सांगितलं की ही आपत्ती नव्हे, माझ्यावरची कारवाई नियमाला धरून नाही, माझ्या बाजूने उभे राहा. जनपदातल्या भिक्खूंकडेही निरोप गेले. तिकडूनही माणसं मिळाली. गट पडले.

दोन भेटी

ही बातमी भगवंतांना कळली तेव्हा ते दोनदा म्हणाले, भिक्खुसंघ फुटला. मग उठून आधी निलंबन करणाऱ्यांकडे गेले आणि नंतर निलंबिताच्या बाजूच्यांकडे. दोन्ही गटांना एकत्र बसवलं नाही. प्रत्येकाला त्याच्या बाजूने लागू पडेल ते सांगितलं, आणि या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो.

निलंबन करणाऱ्यांना ते म्हणाले: 'आम्हाला असं वाटतं, आम्हाला असं वाटतं' एवढ्यावर कुठल्याही बारीकसारीक कारणासाठी कुणाला निलंबित करावं असं समजू नका. समोरचा बहुश्रुत आहे, शिकायला तयार आहे. त्याला बाहेर काढलं तर त्याच्याशिवाय उपोसथ करावा लागेल, कलह होईल, संघ फुटेल, हे दिसत असेल तर फुटीचं भय ध्यानात घेऊन तसं करू नये. लक्षात घ्या, 'तुमचं चुकलं, तो निर्दोष आहे' असं ते कुठेही म्हणत नाहीत. तुमचं बरोबर असेलही. पण बरोबर असणं आणि त्याची किंमत इतरांना मोजायला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निलंबिताच्या बाजूला: चूक करून 'चूक नाही' म्हणत बसू नका. तुम्हाला पटत नसेल, पण समोरचे जाणकार आहेत, ते माझ्यासाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी छंद, दोस, मोह, भय यांच्या आहारी जाणारे नाहीत, असं वाटत असेल तर त्यांच्यावरच्या विश्वासापोटीसुद्धा आपत्तीची कबुली द्यावी.

छंद म्हणजे आपल्या माणसाकडे झुकतं माप, दोस म्हणजे आकस, मोह म्हणजे अजाणपणा, आणि भय. या चार अगती, म्हणजे चुकीच्या वाटा, विनयात वारंवार येतात, आणि फक्त उपदेशात नाही. संघात जेवणाचं वाटप कोणी करायचं, कोठार कोणी सांभाळायचं, शयनासनं, म्हणजे राहायच्या जागा, कोणी नेमून द्यायची, यासाठी माणूस निवडताना हाच निकष आहे: चार अगतींना न जाणारा, आणि पाचवी गोष्ट, काय वाटलं नि काय राहिलं हे नीट ठाऊक असणारा. सचोटीची याहून कामाची व्याख्या मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही. माणूस पैसे खात नाही एवढं पुरेसं नाही. तो घाबरून चुकीचा निर्णय देत असेल तर तोही या कसोटीला उतरत नाही.

भेटींचा उपयोग झाला नाही. निलंबिताची बाजू विहाराच्या ठरलेल्या सीमेच्या आत उपोसथ करू लागली आणि निलंबन करणारे सीमेबाहेर जाऊन. कोणाचा उपोसथ वैध, असा प्रश्न आला. भगवंतांनी सांगितलं की नियमाप्रमाणे ज्ञप्ती (संघापुढे ठराव मांडणं) वगैरे करून केला असेल तर दोन्ही आपापल्या जागी वैध. एका गटाला बेकायदा ठरवायची आयती संधी त्यांनी सोडून दिली. त्यानंतर भोजनशाळेत आणि गावातल्या घरांत भिक्खू एकमेकांच्या अंगावर हात टाकण्यापर्यंत गेले. लोक कुरकुर करू लागले. तेव्हा नियम आला: संघ फुटलेला असताना बसताना मध्ये आसन मोकळं सोडा. भांडण मिटत नाही तर निदान हातापायी तरी टळू दे.

(घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी सांगितलं होतं की संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, मतदान हे सगळं बौद्ध संघांत होतं. कोसंबी खंधक वाचताना त्या विधानाचा अर्थ कळतो, आणि हेही कळतं की एवढे नियम असूनही माणसं भांडतात.)

'आमचं आम्ही बघून घेऊ'

मग तो प्रसंग येतो. संघाच्या मधोमध भांडण पेटलेलं, भगवंत येऊन म्हणतात, पुरे भिक्खूंनो, कलह नको. त्यावर एक भिक्खू उत्तर देतो: भंते, आपण धम्माचे स्वामी आहात, आपण थांबावं, आपण निवांतपणे ध्यानसुखात राहावं, या भांडणाने जे काय नाव व्हायचं ते आमचं होईल. भाषा अदबीची, अर्थ सरळ: आमचं आम्ही बघून घेऊ.

भगवंतांनी मग दीघावूची गोष्ट सांगितली. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलच्या दीघीतीचं राज्य घेतलं, वेषांतर करून राहिलेल्या राजाराणीला पकडून मारलं. मरताना दीघीती मुलाला म्हणाला, फार लांबचं पाहू नकोस, फार जवळचं पाहू नकोस, वैराने वैर शमत नाही. मुलगा पुढे ब्रह्मदत्ताच्याच सेवेत शिरला. रानात राजा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला असता त्याने तीनदा तलवार उपसली आणि तीनदा म्यान केली. शेवटी दोघांनी एकमेकांना जीवदान दिलं. 'न हि वेरेन वेरानि' ही धम्मपदातली सर्वांना पाठ असलेली गाथा या प्रकरणातही येते. भिक्खूंवर गोष्टीचा परिणाम शून्य. तोच भिक्खू तेच उत्तर पुन्हा देतो.

दंडशस्त्र वापरणारे राजेसुद्धा क्षमा करतात, मग घर सोडून आलेले तुम्ही का नाही, हा युक्तिवाद बिनतोड होता. तरी चालला नाही. भांडणाऱ्याला युक्तिवाद कळत नाही असं नाही. त्याला तो दुसऱ्या पक्षासाठी आहे असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी भिक्षाटन आणि भोजन झाल्यावर भगवंतांनी आपलं शयनासन आवरलं, पात्र-चीवर घेतलं, संघामध्ये उभ्यानेच काही गाथा म्हटल्या आणि निघाले. शहाणा सोबती न मिळाला तर जिंकलेलं राष्ट्र सोडून जाणाऱ्या राजासारखं एकट्याने जावं, ही त्यांतलीच एक.

जाणं म्हणजे पळणं होतं का

या प्रकरणावरची नेहमीची टीका हीच. संस्थापक आहात, शब्दाला वजन आहे, दोन्ही गटप्रमुखांना हाकलून देता आलं असतं. मला ही टीका पटत नाही. त्यांनी निकाल दिला असता तर हरलेल्या गटाने तो मानला असता कदाचित, पण 'भगवंत त्यांच्या बाजूचे' हा नवा वाद सुरू झाला असता. शिवाय ते तिथे असेपर्यंत एक गोष्ट झाकली जात होती: भांडणाऱ्या भिक्खूंना कोसंबीची घरं भिक्षा वाढत होती ती प्रामुख्याने कुणामुळे? नेत्याची उपस्थितीच गैरवर्तनाला आधार देत असेल तर त्याने तिथे बसून राहणं हीसुद्धा एक कृती ठरते.

वाटेत ते प्राचीनवंसदायात गेले. तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल राहत होते. भगवंतांनी विचारलं, तुम्ही दूधपाण्यासारखे मिळूनमिसळून राहता ते कसं? अनुरुद्धांचं उत्तर अगदी घरगुती आहे. भिक्षेहून जो आधी येतो तो आसनं मांडतो, पाय धुवायचं पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो आवरतो आणि झाडतो. प्यायच्या पाण्याचा, वापरायच्या पाण्याचा किंवा शौचालयातल्या पाण्याचा घडा ज्याला रिकामा दिसेल तो भरून ठेवतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो, त्यासाठी मौन मोडत नाही. अट्ठकथेतली हकिगत खरी मानली तर कोसंबीत संघ फुटला तो अशाच भांड्यापाशी. इथे त्यावर 'कोणाची पाळी' हा प्रश्नच उठत नाही. अनुरुद्ध म्हणतात, मी मनाशी म्हणतो, आपलं मन बाजूला ठेवून यांच्या मनाप्रमाणे वागायला काय हरकत आहे. शरीरं वेगळी, मन जणू एकच.

तिथून पारिलेय्यक वन. तिथे एका हत्तीने भगवंतांची सेवा केली ती गोष्ट सर्वांना माहीत आहे, ती सोडून देऊ. पुढे भगवंत कोसलची राजधानी सावत्थी इथे गेले.

लोकांनी काय केलं

कोसंबीच्या उपासकांनी, म्हणजे गृहस्थ अनुयायांनी, विचार केला: या आर्यांनी आपलं मोठं नुकसान केलं, यांच्यामुळे भगवंत निघून गेले. आता यांना वंदन करायचं नाही, उठून उभं राहायचं नाही, हात जोडायचे नाहीत, दारात आले तरी भिक्षा द्यायची नाही. मग हे निघून जातील, किंवा चीवर सोडतील, नाहीतर भगवंतांची समजूत काढतील. आणि तसंच केलं. हा निर्णय लोकांचा होता. भगवंतांनी कुणालाही बहिष्कार घालायला सांगितल्याचं विनयात नाही.

परिणाम झटपट दिसला. भिक्खू म्हणाले, चला, सावत्थीला जाऊन भगवंतांसमोर हा वाद मिटवू. उपदेशाने, दीघावूच्या गोष्टीने, गाथांनी जे झालं नाही ते रिकाम्या पात्राने झालं. यात कुणाला उपरोध वाटेल. पण विनयाची रचनाच तशी आहे: भिक्खूने शिजवायचं नाही, साठवायचं नाही, रोज गृहस्थाच्या दारात जायचं. समाजाच्या हिताची भाषा बोलणाऱ्या संस्थेला रोज सकाळी समाजासमोर उभं राहावं लागतं.

ही तरतूद किती नाजूक आहे हे आपल्याकडच्या लेण्यांतच दिसतं. नाशिकच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० कार्षापण (नाणी) महिना शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने, कायमची ठेव. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामी राहणाऱ्या, २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. दान उदार आहे, हेतू निर्मळ आहे. पण अशा ठेवीवर चालणाऱ्या विहारात कोसंबीसारखं भांडण झालं असतं तर गावकऱ्यांच्या हातात काय उरलं असतं?

सावत्थी

भांडखोर भिक्खू येताहेत हे कळल्यावर भिक्खू सारिपुत्त, भिक्खुणी महापजापती, गृहस्थांपैकी अनाथपिंडिक, विशाखा असे एकेक जण विचारायला आले: त्यांच्याशी कसं वागायचं? सारिपुत्तांना उत्तर मिळालं की धम्माप्रमाणे उभं राहा, आणि धम्मवादी कोण हे ओळखायच्या अठरा खुणा. अनाथपिंडिकांना सांगितलं: दोन्ही पक्षांना दान दे, दोन्हीकडचं ऐक, मग जे धम्माला धरून बोलतात त्यांचं मत स्वीकार. राहायला जागा वेगवेगळ्या द्यायच्या, पण ज्येष्ठ भिक्खूची जागा अडवायची नाही. अन्न सर्वांना सारखं. मत कोणाचं घ्यायचं यात निवड आहे, ताटात काय पडायचं यात नाही.

आणि इथे, कुणी दबाव न आणता, तो निलंबित भिक्खू स्वतःशी धम्म-विनय तपासू लागला. त्याच्या लक्षात आलं: ही आपत्तीच होती, कारवाई नियमाला धरूनच होती. तो आपल्या पाठीराख्यांकडे गेला आणि म्हणाला, मला परत घ्या. ज्यांच्यासमोर आपण महिनोन्‌महिने निर्दोष असल्याचं सांगितलं, त्यांच्याचसमोर हे म्हणायचं! पाठीराख्यांनी भगवंतांना विचारून त्याला परत घेतलं आणि मग समोरच्या पक्षाकडे समेटासाठी गेले. या समेटाची अट कडक आहे. सगळ्यांनी हजर राहायचं, आजाऱ्यांनीसुद्धा. एरवी संघकर्मात गैरहजर भिक्खू आपली संमती दुसऱ्याकरवी पाठवू शकतो, इथे ती चालत नाही. त्यानंतर लगेच उपोसथ आणि पातिमोक्खाचं, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीचं, पठण.

मग विनयाचे जाणकार भिक्खू उपाली यांनी विचारलं: ज्या गोष्टीवरून संघ फुटला तिची चौकशी न करता, मुळाशी न जाता संघाने समेट केला, तर तो समेट धम्माला धरून होतो का? उत्तर: नाही. असा समेट शब्दांपुरता असतो, अर्थ त्यात नसतो. चौकशी करून, मुळाशी जाऊन केलेला समेटच दोन्हींनी युक्त. 'झालं गेलं विसरून जा' या सर्वमान्य तोडग्याला विनय सरळ नकार देतो.

याच कोसंबीत सुमारे दोनशे वर्षांनी अशोकाने महामात्रांना, म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांना, आज्ञा कोरून दिली: जो भिक्खू किंवा भिक्खुणी संघ फोडेल त्याला पांढरी, म्हणजे गृहस्थाची, वस्त्रं नेसवून विहाराबाहेर ठेवावं. ज्या स्तंभावर ती आहे तो आता प्रयागराजच्या किल्ल्यात उभा आहे. अशोकाची कळकळ खरी होती, संघ दीर्घकाळ टिकावा हीच इच्छा. पण भांडण कशावरून, दोष कोणाचा, मुळाशी काय, हे महामात्राने विचारायचं आहे असं त्या चार ओळींत नाही. भगवंतांनी जो अधिकार मुद्दाम वापरला नव्हता, तोच राजाने कामाला लावला.

प्रकरणातला एक धागा विनय तसाच ठेवून देतो. दोन्ही पक्षांना सल्ला मिळाला होता, पण झुकला एकच. निलंबनाची घाई करणाऱ्यांनी, 'फुटीचं भय ध्यानात घ्या' हे ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्यांनी, पुढे कधी आपली बाजू तपासल्याची नोंद नाही. त्यांची कारवाई नियमाला धरून होती, हे शेवटी सिद्धच झालं. आणि नियमाने बरोबर ठरलेल्या माणसाकडून ती कबुली कशी घ्यायची, यासाठी दहाव्या खंधकात कोणतंही कर्म सांगितलेलं नाही.